ते टॅपेट नव्हतं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटपर्यंत वाचायचं आणि मग खाली "काहीही हं" लिहायचं, असलं करू नका. माझ्या सख्ख्या चुलत्याची गोष्ट आहे ही. त्यांचा उजवा कान गेला आणि त्यांच्या मेव्हण्याचा पाय. दोघांचे हॉस्पिटलचे कागद आजही आमच्या घरी कपाटात आहेत.

आणि भुतं रात्री बारालाच येतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं हो?

हे घडलं भर दुपारी दोन वाजता. १९ एप्रिल १९९९, सोमवार, आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. ठिकाण नारायणगाव, हायवेच्या कडेचं गोरखकाकांचं गॅरेज. समोरून एसट्या चाललेल्या, टोमॅटोचे टेम्पो चाललेले, उन्हानं डांबर पाघळलेलं.

गोरखकाका म्हणजे कोण, ते आधी सांगतो.

जुन्नर-आंबेगावात डिझेल जीपचा तसा मिस्त्री दुसरा नव्हता. हात चांगला होताच, पण नाव झालं होतं ते कानामुळं. गाडी दारात येऊन उभी राहायची. काका जागचे उठायचे नाहीत, बॉनेटला हात लावायचे नाहीत. नुसता आवाज ऐकून सांगायचे. "बेअरिंग गेलंय." "वॉटर पंप हाय." आणि उघडून बघावं तर तेच निघायचं. गॅरेजच्या बाकड्यावर चार रिकामटेकडी माणसं कायम बसलेली असायची, खास ही करामत बघायला. काकांनाही ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, लई आवडायचं.

त्या दुपारी मात्र बाकडं रिकामं होतं. ऊनच तसलं होतं.

एक पांढरी जीप आत आली आणि थेट मागच्या भिंतीपर्यंत जाऊन उभी राहिली.

चांगदेवची जीप. चांगदेव म्हणजे काकांच्या बायकोचा, शीलाकाकूचा धाकटा भाऊ, आणे गावचा. आणे ते नारायणगाव वडाप करायचा, म्हणजे जीपमध्ये सवाऱ्या भरून फेऱ्या मारायचा. पाडव्याला एका एजंटाकडून त्यानं ही जुनी जीप घेतली होती, वरून नवा रंग मारलेली.

तो खाली उतरला आणि काकांच्या हातातला पाना तसाच राहिला.

चांगदेवच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. पट्टीतून लाल पाझरत होतं.

"आरं, काय झालं हे?"

"दाजी, दोन बोटं गेली," चांगदेव म्हणाला. "काल. घाटात."

महिनाभर गाडी आवाज करत होती. टक... टक... असा. आधी बारीक. मग मोठा. काल आण्याच्या घाटात तो इतका वाढला की मागं बसलेल्या बायासुद्धा घाबरल्या. चांगदेवनं गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं आणि पंख्याच्या मागं हात घालून काय सैल झालंय ते चाचपायला लागला.

आणि पंखा फिरला.

"बंद गाडीचा?" काकांनी विचारलं. "चावी कुणी मारली?"

"चावी माझ्या खिशात व्हती."

काकांनी पाना खाली ठेवला.

"दाजी, माझ्या आईची आन. चावी खिशात व्हती."

गॅरेजच्या मागंच घर. भावाचा आवाज ऐकून शीलाकाकू बाहेर आली आणि तो हात बघून मटकन खालीच बसली. मग रडली, मग भावाला शिव्या घातल्या. एका हातानं गाडी चालवत आलास, मुडद्या, अक्कल कुठं गहाण टाकलीस? चांगदेव म्हणाला, काय करू, संध्याकाळी सहाची फेरी आहे, आण्याची चौदा माणसं माझ्या भरवशावर बाजाराला आलीत.

काकूनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अवो, त्यो आवाज सापडल्याबिगर गाडी त्याच्या हातात द्यायची न्हाई. मला एकच भाऊ हाय. त्याला काय झालं तर मी तुमचं तोंड बघणार न्हाई, सांगून ठेवते."

"सापडतो गं," काका हसले. "माझ्यापुढं आजवर कंचा आवाज लपलाय?"

काकू घरात गेली. काकांनी जीप चालू केली आणि कान दिला.

आधी नुसतं इंजिन. घर्रर्र... नेहमीसारखं.

मग...

टक.

थोडा वेळ काहीच नाही.

टक. टक-टक.

काकांचं हसू गेलं.

"टॅपेट हाय का, दाजी?" चांगदेवनं विचारलं. ड्रायव्हर लोक कुठल्याही टकटकीला टॅपेटच म्हणतात.

काकांनी उठून बॉनेट उघडलं.

कसं असतं, टॅपेट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह हलवणारे दट्टे, ते इंजिनच्या तालावर वाजतात. रेस दिली की भरभर, सोडली की सावकाश. आठवीतल्या पोरालाही कळेल. काकांनी रेस दिली. इंजिन बोंबललं. आवाज होता तसाच राहिला. टक... टक-टक... त्याला इंजिनाचं काही देणंघेणंच नव्हतं.

काकांनी फॅन बेल्ट काढला. म्हणजे पंखा बंद, पंप बंद, डायनामो बंद.

टक.

सायलेन्सरचे बोल्ट आवळले. टॅपेटचं झाकण उघडून एकेक बघितला, सगळे ठीक.

टक. टक.

चिडून काकांनी इंजिनच बंद केलं. आता फक्त हायवेचा आवाज. दोघंही श्वास धरून उभे.

एक एसटी गेली. एक टेम्पो गेला.

मग...

टक.

चांगदेव चार पावलं मागं सरला. काकांनी चावी काढून बाकड्यावर टाकली. बॅटरीच्या वायरी सोडल्या आणि बॅटरीच उचलून बाहेर फरशीवर ठेवली. चाकापुढं दगड लावला. आता त्या जीपमध्ये जीव राहील असं काहीही नव्हतं. नुसतं लोखंड.

टक-टक.

"दाजी, राहू द्या," चांगदेवची बोबडी वळली होती. "विकून टाकतो मी ही. राहू द्या."

पण माणसाला आपलं कसब हरतंय असं वाटलं की त्याला काही सुचत नाही. काकांनी पाना उचलला आणि इंजिनवर एकदा हाणला.

टक.

आतून उत्तर आलं... टक.

काकांनी दोनदा हाणला. टक-टक.

आतून... टक-टक.

त्यांनी पाना खाली ठेवला. आता ते काहीच वाजवत नव्हते.

आणि आतून सुरू झालं.

टक. टक. टक. टक-टक-टक-टक-टक...

घाईनं. जिवाच्या आकांतानं. आपलं कुणीतरी ऐकलं हे कळल्यावर आत अडकलेला माणूस जसं वाजवील, तसं. पत्रा हलायला लागला. बॉनेट उघडं ठेवायची काडी थरथरायला लागली.

आणि थांबलं. एकदम.

काकांनी भिंतीवरचा लांब डिसमिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढला. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा. जुने मिस्त्री काय करतात ठाऊक आहे? डिसमिसचं टोक इंजिनवर टेकवतात आणि मूठ कानात घट्ट धरतात. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. काकांनी टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली, डोळे मिटले.

काहीच नाही.

टोक थोडं खाली सरकवलं, जिथं इंजिन चॅसीवर बसतं तिथं.

आणि तिथं...

श्वास.

अडकत अडकत चाललेला श्वास. छातीवर काहीतरी जड पडलेलं असावं तसा. काकांच्या नाकात पाचट जळाल्याचा वास शिरला. आजूबाजूला कोसभर तेव्हा ऊस पेटलेला नव्हता. एप्रिलमध्ये कुठला पेटणार?

श्वास जवळ आला. अगदी डिसमिसच्या दुसऱ्या टोकाशी.

काका कान काढून घेणार, तेवढ्यात आतून घाव बसला.

सरळ डिसमिसच्या टोकावर. घणासारखा.

मूठ कानात घुसली. काकांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. ते आडवे झाले आणि फरशीवर डोकं आपटलं. कानातून रक्ताची धार मानेवर, शर्टात. चांगदेव ओरडत होता, पण काकांना तो लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा ऐकू येत होता.

ते पडले होते जीपच्या बाजूला. गाल फरशीवर. नजर गाडीखाली.

आणि तिथं त्यांना दिसलं...

दुसरंतिसरं काही नाही. एक वेल्डिंग. सायलेन्सरच्या पट्टीवरचं, जाड, एका बाजूला ओघळलेलं. आपल्या हातचं वेल्डिंग मिस्त्री अंधारात चाचपूनही ओळखतो. ते काकांनीच केलं होतं, तीन महिन्यांपूर्वी. पट्टीच्या कडेला रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथं जुना रंग शिल्लक होता. निळा.

ही गाडी कुठली, ते त्यांना कळलं.

आता मी जे सांगतोय ते काकांनी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. काकूलाही नाही.

जानेवारीतली एक संध्याकाळ. ऊसतोडीचे दिवस. शेतांत पाचट पेटवलेलं आणि रस्त्याभर धूर. निळी जीप घेऊन गेणभाऊ नावाचा ड्रायव्हर दारात थांबला. उतरला नाही. चालू गाडीतूनच म्हणाला, "मिस्त्री, मगाशी धुरात खड्ड्यात आदळली. तवापास्नं टकटक करतीया. बघता का जरा?"

बाकडं भरलेलं होतं. सगळी माणसं काकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

काकांनी बसल्या जागेवरून कान दिला. टक... टक-टक...

आणि म्हणाले, "टॅपेट हाय. चालव बिनधास्त."

बाकड्यावरचे म्हणाले, वा मिस्त्री. गेणभाऊ गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीना नदीच्या पुलापुढं रस्त्यात प्रेत सापडलं. धर्माजी, पारगावचा. टोळीबरोबर ऊस तोडायला इकडं आला होता, संध्याकाळी काम संपवून धुरातून चालला होता. अंगावरची घोंगडी गाडीच्या आसात गुंतली आणि तो गाडीखाली अडकून फरफटत गेला. पाठ सोलून निघालेली. बरगड्या आत गेलेल्या, म्हणून ओरडता आलं नसावं. पण उजव्या हातात कोयता होता. मेल्यावरही तो सुटला नव्हता. मुठीतून काढायला हवालदाराला बोटं एकेक करून उघडावी लागली. कोयत्याचं टोक ठोकून ठोकून पार चेपलं होतं.

त्याच दिवशी दुपारी गेणभाऊ परत आला. सायलेन्सरची पट्टी तुटली होती. खालून कुणीतरी हाणून तोडावी तशी. आसावर काळ्या लोकरीचे धागे होते. गेणभाऊनं काकांचे पाय धरले.

काकांनी ते धागे स्वतःच्या हातानं काढले, चुलीत घातले आणि पट्टीला वेल्डिंग मारलं. गेणभाऊ सापडला असता तर त्यानं सांगितलं असतं, मिस्त्री म्हणाला चालव. म्हणून. त्यानं पुढं जीप विकली आणि तो कुठं परागंदा झाला कुणालाच ठाऊक नाही.

हे सगळं काकांच्या डोळ्यापुढून गेलं. फरशीवर पडल्या पडल्या.

आणि वर जीप चालू झाली.

बॅटरी बाहेर उन्हात होती. चावी बाकड्यावर होती.

घर्रर्र...

चांगदेव काकांना उचलायला पुढं येत होता. तो जीपचं नाक आणि मागची भिंत यांच्या मधे होता. जीप हलली. काडी निसटून बॉनेट धाडकन मिटलं. चाकापुढचा दगड कडकन फुटला. चांगदेव बाजूला उडी मारणार, तेवढ्यात बंपरनं त्याचा पाय भिंतीला धरला.

आणि दाबायला लागली. सावकाश. बोटबोटभर.

तसली किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही, असं समोरचा टपरीवाला आजही सांगतो. हाड मोडल्याचा आवाज काकांना डाव्या कानानं आला. ते उठले, मागं धावले, गाडी ओढायला लागले. गाडी कुठली ओढली जातेय. ते पुढं आले, बंपरला खांदा लावला. कानातलं रक्त बॉनेटवर सांडत होतं. चांगदेव "दाजी, दाजी" करत होता. जीप आणखी बोटभर सरकली. आता मांडी.

"सोड त्याला!" काका ओरडले. "त्यानं काय केलंय? त्यो तिथं नव्हताच!"

इंजिन आणखी बोंबललं.

"मी व्हतो! मी!" काकांनी बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या. "मी ऐकलं व्हतं! ते टॅपेट न्हाई हे मला तवाच कळलं व्हतं!"

आवाज थोडा उतरला.

"तालावर नव्हतं वाजत. मला कळलं व्हतं. काय हाय ते कळलं नव्हतं, पण टॅपेट न्हाई येवढं कळलं व्हतं! समदे बघत व्हते. मला न्हाई कळलं, असं म्हणवंना. म्हणून बोललो. उठून वाकून बघितलं न्हाई. मी वाकलो न्हाई!"

जीप बंद पडली.

तोवर काकू आली होती, टपरीवाला आला होता, रस्त्यावरची माणसं आली होती. सगळ्यांनी ऐकलं. आठ जणांनी जीप मागं रेटली तेव्हा चांगदेव भिंतीवरून खाली घसरला. त्याचा पाय मांडीपासून नुसता पँटीत लोंबत होता.

तो वाचला. पाय मात्र काढावा लागला. काकांचा उजवा कान कायमचा गेला. डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? काकूनं सांगितलं, डिसमिसवर पडले. काकांनी पोलिसांत जाऊन जबाब दिला. धागे जाळले तेही सांगितलं. गेणभाऊ काही सापडला नाही. जीप भंगारात गेली. काकू नवऱ्याशी वर्षभर बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची.

पण काकांना चैन नव्हतं. जूनमध्ये एक दिवस मला म्हणाले, "पारगावला जायचंय. धर्माजीच्या घरी. मला एकट्याला जाववत न्हाई."

मी मित्राची मारुती व्हॅन घेतली आणि आम्ही गेलो.

धर्माजीची बायको साळुबाई. पन्नाशीची असावी. अंगणात शेंगा फोडत बसली होती. काका तिच्यापुढं मातीत बसले आणि सगळं सांगितलं. बाकडं, माणसं, आवाज, धागे. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं ही बाई आता हातात येईल ते फेकून मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"म्हंजी तुमच्या दारात आलं तवा ते जित्तं व्हतं."

"व्हय."

"किती येळ वाजवत व्हतं?"

काकांनी मान खाली घातली.

"सांगा की, भाऊ. किती येळ थांबली व्हती गाडी?"

"मी चहा पीत व्हतो," काका म्हणाले. "गेणभाऊलाबी दिला. त्यानं गाडीतच बसून पिला. दोघांचा चहा संपस्तोवर."

साळुबाई परत शेंगा फोडायला लागली. आम्ही उठलो तेव्हाही तिनं मान वर केली नाही.

परत येताना काका माझ्या शेजारी बसले होते, चांगला कान माझ्याकडं करून. कळंबच्या पुढं आलो. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना हिरवा ऊस. संध्याकाळ व्हायला आली होती.

काकांनी माझा दंड धरला.

"थांबव."

मी थांबवली. काका उतरले, रस्त्यावर पालथे झाले आणि व्हॅनखाली बघितलं. काही नव्हतं. पुढं दोन किलोमीटरवर पुन्हा. "थांबव." पुन्हा पालथे. ढोपरं खरचटली, पांढरा लेंगा मातीत लोळला. काही नव्हतं.

तिसऱ्यांदा ते आत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. माझ्याकडं वळून त्यांनी लहान पोरासारखं विचारलं.

"तुला येतंय का रं ऐकू?"

मला तेव्हा एकच दिसत होतं. अंधार पडायला आलाय, घर अजून लांब आहे आणि ह्या माणसाला आता शांत करायला पाहिजे.

"न्हाई काका," मी म्हणालो. "काही न्हाई. तुमच्या कानातच घुमतंय ते."

त्यांनी विश्वास ठेवला. डोळे मिटले. मी गिअर टाकला आणि नारायणगावपर्यंत गाडी कुठंही न थांबवता आणली.

येत होतं ऐकू. तिन्ही वेळा. माझ्या सीटच्या अगदी खालून.